मांजराचे चाळे आणि मांजराचं दुखणं

मांजर पाळणाऱ्यांची काळजी बहुधा भलत्याच ठिकाणी खर्ची पडते. पहाटे घरभर धूम ठोकणं, टेबलावरचं पेन पंजाने ढकलून पाडणं, खिडकीबाहेरच्या कबुतराकडे बघत जबडा कटकटवणं, मांडीवर बसून कणीक तिंबल्यासारखे पाय चालवणं हे पाहून नवखे धास्तावतात. निरोगी मांजरं हे सगळं करतात. त्यांचा पूर्वज असलेलं आफ्रिकी रानमांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकारीला निघतं. पाळीव मांजराच्या अंगात ती वेळ अजून आहे, फक्त शिकार वाटीत आयती मिळते. पाय चालवणं ही आईला पितानाची सवय. खोक्यात शिरून बसण्यालाही अर्थ आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की, निवाऱ्यात नव्याने आलेल्या ज्या मांजरांना खोकं मिळालं, त्यांचा ताण इतरांपेक्षा लवकर उतरला.

तेव्हा वागणं किती विचित्र आहे, यावरून काहीच ठरत नाही. हेच मांजर गेल्या महिन्यात कसं वागत होतं, ते आठवावं. रानमांजर शिकारी खरं, पण मोठ्या जनावरांचं भक्ष्यही. दुखणं उघड करणं त्याला परवडणारं नव्हतं. म्हणून मांजराचा आजार पुष्कळदा शहाणपणाचं सोंग घेऊन येतो. एका झेपेत ओट्यावर जाणारी मांजर आता आधी स्टुलावर चढते, क्षणभर अंदाज घेते, मग वर जाते. पाठीवरचे केस चाटणं सोडते, तिथे गुंता होतो. वय झालं, निवळली, असं घरचे म्हणतात. वय झालेलं असतंच. पण अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले, तेव्हा नव्वदांच्या सांध्यांत झीज आढळली. त्या झिजेच्या वेदनेवर उपचार आहेत. उलट, म्हातारं मांजर एकाएकी तरतरीत झालं, अधाशासारखं खाऊनही वाळू लागलं आणि रात्री ओरडू लागलं, तर थायरॉइड तपासावं. घुरघुरण्यावर तर विसंबूच नये; वेदनेतही मांजरं घुरघुरतात.

मग प्रत्येक बदलाला डॉक्टर गाठायचा का? पिशवीत कोंबून नेण्याचा त्रास मांजराला होतो, खिशालाही होतो, ही तक्रार रास्त आहे. बरेच बदल आठवडाभर पाहता येतात. मांजर उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. महिन्याकाठी ही नोंद ठेवली तरी घसरण कळते. काही बाबतींत मात्र सकाळची वाट पाहायची नसते. बोका पुन्हापुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, एखाद-दुसरा थेंब पडतो, मग तीच जागा चाटत राहतो. लोकांना वाटतं, बद्धकोष्ठ आहे. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्न टाकलं, तर यकृतात चरबी साचू लागते. तोंड उघडं टाकून धापा टाकणं हेही तातडीचंच. कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे बारीक, मुस्कट ताणलेलं, मिशा ताठ आणि डोकं खांद्यांच्या खाली, अशा चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची पद्धत माँट्रियलच्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. ती घरीही वापरता येते. औषध मात्र घरातलं देऊ नये. पॅरासिटामॉल पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात तोकडी असते, आणि एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.