दहा दोरांची उपासना

पवित्र सप्ताहातल्या गुरुवारची रात्र होती. प्रभुभोजनाची उपासना संपली, दिवे मंदावले आणि वेदीवरची वस्त्रे, मेणबत्त्या, पात्रे एकामागून एक आत नेली जाऊ लागली. ते काम करणाऱ्या दोन वृद्ध स्त्रियांनी वेदीवरच्या शुभ्र कापडाची ज्या निगुतीने घडी घातली, तिच्याकडे पाहताना या भव्य वास्तूचा खरा कारभार कोणाच्या हातांनी चालतो हे मला प्रथम उमगले. जेरुसलेमजवळच्या खाणीतून आणलेल्या दगडांची ती वेदी उघडी पडली. लोक एक शब्दही न बोलता काळोखात बाहेर पडले. एरवी उपासनेनंतर मनोऱ्यातून घंटानाद होतो. त्या रात्री घंटाही मूक होत्या.

एपिस्कोपल पंथाचे हे कॅथीड्रल वॉशिंग्टन शहराच्या वायव्य भागात, सेंट अल्बन नावाच्या टेकडीवर आहे. अमेरिकेच्या काँग्रेसने त्यासाठी १८९३ साली सनद दिली, २९ सप्टेंबर १९०७ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या उपस्थितीत कोनशिला बसली, आणि पाथरवटांच्या पिढ्यांमागून पिढ्या खपून १९९० साली त्याच तारखेस अखेरचा दगड चढला. इमारत पुरी व्हायला बरोबर ८३ वर्षे लागली. हा पंथ इंग्लंडच्या अँग्लिकन परंपरेचा अमेरिकेतला वारसदार. तेव्हा उपासनेचा शिरस्ता, गायकवृंदातली मुले आणि घंटा वाजविण्याची पद्धत ही तिन्ही इंग्लंडहून आली, यात नवल नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्या आयुष्यातले अखेरचे रविवारचे प्रवचन इथल्याच व्यासपीठावरून ३१ मार्च १९६८ रोजी, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या अखेरच्या दिवसांत, केले आणि चारच दिवसांनी त्यांची हत्या झाली. त्या व्यासपीठाजवळून जाताना आजही माणसांची पावले आपोआप मंद होतात.

मुलीकडे मुक्कामाला असल्यामुळे त्या वर्षी उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून मे महिन्यापर्यंतचा सारा काळ मला या टेकडीच्या आसपास घालविता आला. त्या मूक गुरुवारनंतरच्या शनिवारी रात्री अंधारात नवा अग्नी प्रज्वलित झाला, त्यावर मोठी मेणबत्ती पेटली, आणि तिच्यावरून हातोहात पसरत गेलेल्या शेकडो ज्योतींनी ते विशाल दालन उजळून निघाले. ईस्टरच्या रविवारी सकाळी लिलीच्या फुलांचा घमघमाट, पितळी वाद्ये आणि ऑर्गन. गर्दी तर अशी की दाराशीसुद्धा उभे राहायला जागा नव्हती. या साऱ्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, म्हणून मी ते लांबवीत नाही. मला सांगायचे आहे ते उपासना संपून लोक हिरवळीवर आल्यावर, डोक्यावर तीनशे फूट उंचीच्या मनोऱ्यात जे सुरू झाले त्याविषयी.

माझे बालपण पुण्याच्या गुरुवार पेठेत गेले. पंचहौदाच्या देवळाशेजारच्या उंच घंटाघरात आठ घंटा आहेत, तेव्हा ख्रिस्ती देवालयाचा घंटानाद माझ्या कानांना परका नव्हता. पण हा नाद निराळा होता. त्यात चाल नव्हती. प्रथम सर्वांत उंच स्वरापासून सर्वांत खर्जातल्या स्वरापर्यंत दहा टोल पायऱ्या उतरल्यासारखे पडले, पुन्हा तसेच, पुन्हा तसेच. आणि मग त्या ओळीतले स्वर आपापली जागा सोडून सरकू लागले. एक पुढे आला, दुसरा मागे गेला, क्रम विस्कटला, असे वाटेपर्यंत त्या विस्कटण्यातही एक कडक शिस्त आहे असा भास होऊ लागला. पाऊण तासाने तो सारा प्रवाह पुन्हा त्या मूळ उतरत्या पायऱ्यांवर येऊन थांबला. आजूबाजूचे लोक गप्पांत गुंतले होते. मी मात्र मनोऱ्याकडे मान वर करून उभाच होतो.

त्या भासाचा उलगडा मे महिन्यात झाला. मेच्या पहिल्या शुक्रवारी आणि शनिवारी या टेकडीवर फुलांचा बाजार भरतो. कॅथीड्रलच्या बागांची देखभाल करणाऱ्या ऑल हॅलोज गिल्ड या मंडळाने तो १९३९ पासून चालविला आहे आणि त्याचे उत्पन्न त्या बागांनाच जाते. रोपांचे ढीग, औषधी वनस्पतींचे ताटवे, निरनिराळ्या वकिलातींनी मांडलेल्या पुष्परचना, आणि मुलांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, लाकडी प्राण्यांचा एक फिरता पाळणा, ज्याच्याभोवतीची रांग दिवसभर संपत नाही. आपल्याकडच्या जत्रेत आणि या बाजारात मला फारसे अंतर दिसले नाही. त्या दिवशी मनोरा चढण्याची मुभा होती. गुडघ्यांची तक्रार बाजूला ठेवून मी तीनशेहून अधिक पायऱ्या चढलो.

या मनोऱ्यात दोन प्रकारच्या घंटा आहेत आणि दोन्हींचे लोकार्पण १९६४ साली, स्वर्गारोहणाच्या सणाला झाले. त्यांतला एक प्रकार म्हणजे करिलॉन. त्यात ५३ घंटा. सर्वांत मोठीचे वजन दहा टनांहून अधिक, सर्वांत धाकटी आठ किलोंच्या आसपास. या घंटा जागच्या हलत नाहीत. एकच वादक लाकडी दांड्यांच्या पंक्तीपुढे बसून, सैल मिटलेल्या मुठींनी आणि पायांनी त्या दांड्या दाबतो, आणि तारांनी जोडलेले लोलक घंटांवर आदळून सुरेल गत उमटते. हे एकट्याचे राज्य आहे. दुसरा प्रकार त्याहूनही वरच्या अंगाला टांगलेल्या दहा घंटांचा. तिथे दहा घंटांना दहा माणसे लागतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकच स्वर येतो.

घंटा वाजविण्याच्या खोलीत छतातून उतरलेले दहा दोर वर्तुळाकार लोंबत होते. प्रत्येक दोराला हात पोचेल अशा उंचीवर लोकरीचा जाड, रंगीत गोंडा विणलेला. सर्वांत हलक्या घंटेपाशी शेजारच्या मुलींच्या शाळेतली, चौदा-पंधरा वर्षांची वाटावी अशी विद्यार्थिनी उभी होती; दीड टनाहून जड अशा शेवटच्या घंटेचा दोर एका पिकल्या केसांच्या गृहस्थाच्या हाती होता. वर, आपल्याला न दिसणाऱ्या जागी, प्रत्येक घंटा एका मोठ्या चाकाला जखडलेली असते, आणि वाजविण्यापूर्वी तिला झोके देत देत पूर्ण उलटी, म्हणजे तोंड आभाळाकडे करून, तोलून उभी करतात. मग दोर ओढला की ती एक संपूर्ण गिरकी घेते, त्या गिरकीत एकदाच टोल देते आणि पुन्हा तोंड वर करून येते. पुढच्या ओढीला उलट दिशेची गिरकी. इतक्या जड वस्तूला घाई करता येत नाही. तोलाच्या टोकावर तिला क्षणभर अधिक थोपविणे किंवा क्षणभर आधी सोडणे, एवढेच माणसाच्या हाती उरते. म्हणूनच एका फेरीतून दुसऱ्या फेरीत जाताना घंटेला आपल्या ओळीत एकच घर पुढे किंवा मागे जाता येते, फार तर आहे तिथेच राहता येते. चाल वाजविणे इथे अशक्य आहे. आणि त्या अशक्यतेतूनच इंग्लंडमधल्या घंटावादकांनी सतराव्या शतकात ही क्रमपालटाची कला उभी केली. तिचा दंडक असा की एकदा वाजलेला क्रम पुन्हा वाजता कामा नये. सात घंटांचे ५०४० क्रम होतात. पाच हजारांहून अधिक क्रमांचे सलग वादन हीच या कलेतली पूर्ण परीक्षा, आणि तिला तीन तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. दहा घंटांचे सारे क्रम ३६,२८,८०० भरतात. ते एका बैठकीत आटोपणे मनुष्याच्या आवाक्यातले नाही.

५०४० हा आकडा ऐकून मी चमकलो, कारण तो मला ओळखीचा होता. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला राहून तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने सात स्वरांच्या प्रस्ताराचे, म्हणजे त्यांच्या सर्व संभाव्य क्रमांचे, गणित मांडले आहे, आणि त्याचेही उत्तर ५०४० हेच आहे. खंडमेरू नावाचे त्या गणिताचे कोष्टक आमच्या संगीताच्या गुरुजींनी मला पाटीवर काढून दाखविले होते. तिथे एकच गायक आपल्या एका कंठातून सारे पालट काढतो. इथे मात्र तो प्रस्तार दहा देहांत वाटून दिलेला. समोर कागद नसतो. प्रत्येकाने आपली वाट मुखोद्गत केलेली असते आणि नजर इतरांच्या दोरांवर असते, कारण आपल्या आधी कोणाचा दोर खाली येतो हे पाहूनच आपली जागा राखायची. मधूनच एक जण मोठ्याने एखादा शब्द उच्चारतो, आणि त्या हुकुमासरशी काहींच्या वाटा बदलतात.

एकदा त्या मुलीचा टोल किंचित उशिरा पडला. सबंध ओळ लंगडल्यासारखी झाली. कोणीही तिच्याकडे पाहिले नाही. तिने ओठ घट्ट मिटून पुढची ओढ अंमळ आधी घेतली आणि दोन फेऱ्यांत ओळ पुन्हा सरळ झाली. वयाने, वजनाने, अनुभवाने इतक्या विषम माणसांनी एकमेकांना सतत जागा करून देण्यालाच मी तरी उपासना म्हणेन. त्या गुरुवारी वेदीवरच्या कापडाची घडी घालणाऱ्या हातांची जात आणि या हातांची जात एकच.

आपल्याकडची पुष्कळ मंडळी मुलांना भेटायला अमेरिकेस जातात आणि वसंतात चेरीचा बहर पाहायला वॉशिंग्टनला आवर्जून येतात. त्यांना माझी विनंती आहे की एक रविवार सेंट अल्बनच्या टेकडीसाठी राखून ठेवावा, आणि उपासना संपल्यावर घंटा सुरू झाल्या तर लगेच गाडीकडे न वळता अर्धा तास हिरवळीवर उभे राहावे. वाजविणारे कोणी दिसणार नाहीत. ते वर, आपापल्या दोरापाशी असतात.