व्हीलचेअरचा टायर: हवेचा की भरीव?

मागच्या भागात आपण रॅम्पबद्दल बोललो आणि त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला: "दादा, व्हीलचेअरला टायर कुठले टाकू?" मी दिवसभर कोड लिहितो आणि व्हीलचेअरवर बसूनच लिहितो, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या वापरातला. चला, सुरू करूया.

हवेचा की भरीव?

भरीव टायर म्हणजे आतून ठोस. पंक्चर नाही, पंपाची कटकट नाही. हॉस्पिटलच्या खुर्च्यांना बऱ्याचदा हेच असतात, कारण तिथे फरशी गुळगुळीत असते आणि खुर्ची ढकलणारा माणूस मागे असतो. पण चाक तुम्ही स्वतःच्या हातांनी फिरवत असाल, तर गणित बदलतं. भरीव टायर धक्के जिरवत नाही आणि प्रत्येक वेळी जास्त जोर मागतो. २००४ साली 'अर्गोनॉमिक्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात हवेचे टायर ठरलेल्या दाबाच्या २५ टक्क्यांवरही भरीव टायरपेक्षा हलके चालले होते. आपण दिवसातून शेकडो वेळा चाक ढकलतो. टायर बदलून मिळतो, खांदा नाही मिळत.

खुर्ची फक्त घरात फिरते, किंवा हवा भरून द्यायला कुणीच नाही? मग भरीव खुशाल घ्या. मधला मार्गही आहे: हवेच्या टायरमध्ये ट्यूबऐवजी भरीव इन्सर्ट. पंक्चर टळतं, पण हवेचा मऊपणा जातो.

२४ इंचाचा घोळ

मागच्या चाकाचा नेहमीचा साइज २४ इंच. दुकानदार म्हणतो, "सायकलचा २४ चालेल की!" थांबा. टायरच्या बाजूला ३७-५४० किंवा २५-५४० असा आकडा असतो. पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २४ इंची माउंटन बाइकचा दुसरा आकडा असतो ५०७. तो टायर ५४० च्या रिमवर चढतच नाही. म्हणून आधी फोन काढा, जुन्या टायरवरच्या आकड्याचा फोटो घ्या, मगच ऑर्डर करा.

रुंदी आणि नक्षी

ऑफिस, मॉल, घर अशा सपाट जागी २५ चा बारीक टायर मस्त पळतो. पेव्हर ब्लॉक, खडी, कच्चा रस्ता रोजचा असेल तर ३७ चा बरा. खोल नक्षीला मातीत पकड मिळते, पण पावसाळ्यात तोच चिखल घरात येतो आणि हातालाही लागतो. फरशीवर काळे पट्टे नको असतील तर राखाडी, डाग न पाडणारा टायर मागा. आणि पुढची छोटी चाकं विसरू नका. गटाराच्या जाळीत आधी तीच अडकतात, मागचा टायर कितीही भारी असला तरी.

हवा कमी म्हणजे ब्रेकही कमी

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. बहुतेक साध्या व्हीलचेअरचा ब्रेक थेट टायरवर दाबून बसतो. हवा उतरली की टायर आत दबतो आणि ब्रेक लावलेला दिसला तरी धरत नाही. तुम्ही पलंगावर सरकायला जाता आणि खुर्ची मागे निसटते. अशी पडझड टाळता येते, तीही दोन मिनिटांत.

योग्य दाब टायरच्या बाजूवरच छापलेला असतो. ३७ च्या टायरला साधारण ६५ पीएसआय, बारीक टायरला १०० च्या वरही. म्हणजे कारच्या ३०-३५ पेक्षा बराच जास्त. अंगठ्याने दाबून हे कळत नाही. मीटर असलेला पायपंप घ्या आणि आठवड्यातून एकदा तपासा. पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर जपून वापरा, कारण आपली ट्यूब लहान, झटक्यात भरते. पंप घेताना व्हॉल्व्ह बघा: मोटरसायकलसारखा आहे की सायकलसारखा.

आणि हो, टायरची रुंदी बदलली की ब्रेकही पुन्हा सेट करून घ्या.

थोडक्यात काय, महागडा टायर नंतर बघू. आज फक्त तुमच्या टायरवरचे आकडे वाचा, हवा मोजा आणि ब्रेक लावून चाक हलतंय का ते बघा. घरातलं कुणी खुर्ची वापरत असेल, तर त्यांच्यासाठी तुम्ही करा. भेटू पुढच्या भागात!