जुना संगणक बसवा घराच्या वेशीवर

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित सपोर्ट बंद केला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी संगणक एका तारखेत बाद ठरले. खामगावात असे संगणक दुकानाच्या गल्ल्यामागे सापडतील, नाहीतर मुलं शिकायला बाहेरगावी गेल्यावर घराच्या कोपऱ्यात. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्यांना एक काम देऊन पाहावं. घरात येणाऱ्या-जाणाऱ्या इंटरनेटवर पहारा ठेवण्याचं, म्हणजे फायरवॉलचं.

खामगाव ही चांदीची बाजारपेठ. इथे दुकानात आणि घरात सीसीटीव्ही असणं ओघानंच आलं. पण कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर हाही एक छोटा संगणकच आहे. त्याला अपडेट क्वचितच मिळतात आणि पासवर्ड अनेकदा कारखान्यातून आलेलाच राहतो. 2016 साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने नेमका याचाच फायदा घेतला. सुमारे 60 ठरावीक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या घेऊन तो जगभरच्या कॅमेऱ्यांची, डीव्हीआरची आणि राउटरची दारं ठोठावत फिरला. 21 ऑक्टोबर 2016 रोजी अशा ताब्यात घेतलेल्या उपकरणांनी वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या ‘डाइन’ कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. आपल्या सरकारनेही 21 फेब्रुवारी 2017 रोजी सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं, ते अशी बाधित उपकरणं हुडकण्यासाठीच.

इंटरनेटवरची माहिती छोट्या पाकिटांतून धावते. कुठून आलं, कुठे जायचं आणि कोणत्या पोर्टवर, हे प्रत्येक पाकिटावर लिहिलेलं असतं. फायरवॉल वेशीवरच्या राखणदारासारखा ते वाचतो. आतून कोणी बाहेर काही मागायला गेलं की नोंद ठेवतो आणि त्याचंच उत्तर आलं तर आत सोडतो. न बोलावता आलेल्याला परत पाठवतो. नियम वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळला की निर्णय पक्का. इंटरनेट जोडणीला सार्वजनिक पत्ता असेल, तर फायरवॉलची नोंदवही उघडून बघा. अडवलेल्या पाकिटांत ‘टीसीपी, पोर्ट 23’ अशा ओळी दिसू लागतात. मिराई ठोठावत होता ते हेच टेलनेटचं दार.

यासाठीचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. स्वित्झर्लंडच्या मॅन्युएल कॅस्परने 2003 साली ‘मोनोवॉल’ आणलं. त्यातून 2004 मध्ये ‘पीएफसेन्स’चं काम सुरू झालं आणि जानेवारी 2015 मध्ये त्यातूनच ‘ओपीएनसेन्स’ निघालं. संगणक 64 बिटचा हवा, रॅम 4 जीबी असली की घरापुरतं भागतं. मदरबोर्डवरच्या लॅन पोर्टला आणखी दोन लॅन कार्डांची जोड द्यावी. एक तार फायबरच्या मोडेमला, दुसरी घरच्या वायफायला, तिसरी फक्त डीव्हीआरला. मग नियम साधा: डीव्हीआरच्या जाळ्यातून घरच्या जाळ्यात जायची वाट बंद, बाहेर इंटरनेटवर जायचीही बंद. मोबाइलवर कॅमेरे बघायचे असतील तर राउटरचं पोर्ट उघडून ठेवण्याऐवजी ‘वायरगार्ड’ व्हीपीएन वापरावं. त्यासाठी मात्र इंटरनेट कंपनीकडून सार्वजनिक पत्ता घ्यावा लागतो.

आपल्याकडच्या ऊन, धूळ आणि विजेच्या लपंडावाचाही विचार हवा. आधी पंखा आणि हीटसिंक झाडून घ्यावेत, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलावी. वीज गेली की संगणक धाडकन बंद पडतो. म्हणून इन्स्टॉल करताना अशा झटक्यांत तग धरणारी झेडएफएस फाइल सिस्टीम निवडावी आणि वीज परतताच संगणक आपोआप सुरू होईल अशी सेटिंग बायोसमध्ये करावी. इन्व्हर्टरवर जोडला तर उत्तमच.

बिलाचा हिशेबही आधीच मांडावा. 50 वॅट खाणारा डेस्कटॉप चोवीस तास चालला तर महिन्याला 36 युनिट जळतात. त्याहून जास्त वीज ओढणारे, 32 बिटचे फार जुने डबे या कामाला घेऊ नयेत. ते अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावेत.

फायरवॉल सगळंच थांबवू शकत नाही. फोनवर गोड बोलून कोणी ओटीपी काढून घेतला, तर तो व्यवहार त्याच्या नजरेला पडतही नाही. तिथे आपणच सावध राहायचं आणि फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर तक्रार नोंदवायची. पण कॅमेरे, टीव्ही, डीव्हीआर अशा स्वतःचं रक्षण न करू शकणाऱ्या उपकरणांसाठी हा पहारा खरोखर उपयोगाचा आहे. कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी घरी असेल, तर एका सुट्टीत हे काम त्यांच्याकडे सोपवा. संरक्षण तर मिळेलच, शिवाय इंटरनेट आतून कसं चालतं हे पुस्तकाबाहेर शिकायची संधीही मिळेल. मात्र डीव्हीआरचा कारखान्यातला पासवर्ड बदलायला सुट्टीची वाट पाहू नका. तो आजच बदला.