मालिशचा धंदा : हातापासून हिशेबापर्यंत

आमच्या दुकानात टॉवेल-चादरी नेणारे जुने ग्राहक म्हणजे लॉजवाले, दवाखानेवाले आणि सलूनवाले. अलीकडे त्यात स्पावाल्यांची भर पडली आहे. सोलापुरी टर्किश टॉवेल हे लोक डझनाच्या हिशेबाने नेतात. त्यांच्यात दोन जातीचे ग्राहक आम्ही पाहतो. एक आल्या आल्या विचारतो, "सर्वांत स्वस्त कोणता?" दुसरा टॉवेल हातावर तोलतो, जीएसएम विचारतो, किती धुलाया सोसेल ते विचारतो आणि तेलाचा डाग दिसू नये म्हणून पांढऱ्याऐवजी गडद तपकिरी रंग मागतो. चौकशी केली की हा दुसरा गृहस्थ बहुतेक वेळा स्वतः मालिश करीत करीत मॅनेजर झालेला निघतो. पहिला असतो भांडवल लावणारा मालक. माल कसा वापरला जातो हे हाताने काम केलेल्यालाच ठाऊक असते, ही गोष्ट कापडाच्या धंद्यात जितकी खरी तितकीच तिकडेही.

मालिश हा हुनर आमच्या समाजाला परका नाही. हमाम आणि हमामवाले मुसलमानी शहरांचा भाग होते. भोपाळचा कदीमी हमाम त्याची आठवण देतो. मुंबईच्या चौपाटीवर तेलाच्या बाटल्या वाजवीत फिरणारा मालिशवाला जुन्या मंडळींना आठवत असेल. १९५७ च्या 'प्यासा' चित्रपटात जॉनी वॉकरने त्याला अमर करून ठेवले. परंतु लोक हसले, टाळ्या वाजवल्या आणि मालिशवाला होता तिथेच राहिला. आज आमची मुले-मुली स्पामध्ये काम शिकतात, पहिल्या वर्षी पगार बरा वाटतो, आणि दहा वर्षांनी पाहावे तर त्याच टेबलाजवळ उभी असतात. मनगट आणि अंगठा दुखू लागलेला असतो. कारण साधे आहे. चांगला मालिश करणारा दिवसाला पाच, फार तर सहा गिऱ्हाइके नीट करू शकतो. त्यापुढे हात साथ देत नाही. म्हणजे हाताची कमाई एका ठिकाणी येऊन थांबते, आणि वय वाढेल तशी खाली येते. पुढची पायरी चढायची तर दुसऱ्यांच्या हातांचे काम सांभाळता आले पाहिजे. ती पायरी कशी चढतात याचा एक दाखला दोनशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो आपल्याच मुलखातल्या माणसाचा आहे.

पाटण्याचा शेख दीन मुहम्मद

शेख दीन मुहम्मद यांचा जन्म १७५९ साली पाटण्याचा. वडील कंपनी सरकारच्या फौजेत होते. ते लवकर वारले. मुलगा बेकर नावाच्या अँग्लो-आयरिश अधिकाऱ्याबरोबर छावणीत वाढला आणि १७८४ साली त्याच्याबरोबर आयर्लंडच्या कॉर्क शहरी गेला. तेथे जेन डेली या मुलीशी १७८६ साली लग्न केले. लग्नाच्या वेळी ते तिकडच्या चर्चमध्ये दाखल झाले. ही गोष्ट आम्ही लपवीत नाही, पण मुहम्मद हे नाव त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. १७९४ साली त्यांनी आपल्या प्रवासाचे पुस्तक इंग्रजीत छापले. इंग्रजीत पुस्तक लिहिणारे ते पहिले हिंदुस्थानी मानले जातात.

पुढे ते लंडनला आले. हिंदुस्थानात पैसा कमावून परतलेल्या बेझिल कॉक्रेन नावाच्या श्रीमंताने पोर्टमन स्क्वेअरमध्ये वाफेचे स्नानगृह काढले होते. तेथे दीन मुहम्मद नोकरीला लागले, आणि वाफेला आपल्याकडच्या चंपीची जोड त्यांनीच दिली असे मानतात. दाबणे, चेपणे या अर्थाच्या 'चांपो' शब्दापासून इंग्रजांचा 'शाम्पू' झाला. त्या काळी शाम्पू म्हणजे अंगाची मालिश. केस धुण्याचा अर्थ नंतर आला.

१८१० साली त्यांनी जॉर्ज स्ट्रीटवर हिंदुस्थानी खाण्याचे आणि हुक्क्याचे हॉटेल काढले. माल चांगला होता, परंतु खर्च भारी आणि ग्राहक थोडे. १८१२ साली दिवाळे निघाले. त्यानंतर त्यांनी वर्तमानपत्रात नोकरीसाठी जाहिरात दिली होती. एके काळी हॉटेलचा मालक असलेला माणूस घरगड्याच्या कामालाही तयार झाला होता! वय पन्नाशी ओलांडलेले. आमच्या वयाच्या व्यापाऱ्यांनी एवढे वाक्य पुन्हा वाचावे.

१८१४ साली ते ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी आले आणि आधी एका स्नानगृहात कामाला लागले. १८२१ साली किंग्ज रोडवर, समुद्रासमोर, त्यांच्या नावाचे मोठे स्नानगृह उभे राहिले. गिऱ्हाईक आधी औषधी वनस्पतींच्या वाफेत बसे. भोवती फ्लॅनेल कापडाचा तंबू असे. तंबूला बाह्या शिवलेल्या असत, त्यांतून मालिश करणाऱ्याचे हात आत जात. गिऱ्हाइकाचा पडदा राही आणि काम पुरे होई. कापडवाले असल्याने आम्हाला ही युक्ती फार आवडली. स्त्रियांचा विभाग वेगळा, आणि तो त्यांची पत्नी जेन सांभाळी.

सुरुवातीला डॉक्टर लोकांनी टिंगल केली. दीन मुहम्मद यांनी भांडण केले नाही. ज्यांना गुण आला त्यांची पत्रे जमवली, बऱ्या झालेल्यांनी ठेवून दिलेल्या कुबड्या भिंतीवर टांगल्या आणि १८२२ साली त्या सर्वांचे पुस्तक काढले. पुढे त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. राजा चौथा जॉर्ज आणि त्यानंतर चौथा विल्यम यांनी त्यांना आपले 'शाम्पूइंग सर्जन' नेमले. फौजेतून आलेला माणूस, डॉक्टरीची पदवी नाही, आणि राजवाड्यात बोलावणे. स्वतःची जाहिरात करताना त्यांनी वय वाढवून सांगितले आणि वैद्यकी शिकल्याचा दावा केला, असे अभ्यासक दाखवून देतात. तेवढे मात्र आमच्या तरुणांनी घेऊ नये. आज सर्टिफिकेट कोणीही तपासून पाहतो.

त्यांचे पतन कशाने झाले हेही सांगितले पाहिजे. स्नानगृहावर नाव मुहम्मदांचे, इमारतीत पैसा भागीदाराचा. भागीदार वारला, १८४१ मध्ये इमारत लिलावात निघाली, आणि ती विकत घेण्याइतकी रक्कम यांच्याजवळ नव्हती. उतारवयात छोट्या जागेत काम करावे लागले. १८५१ साली ते वारले. कबर ब्रायटनच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात आहे. एक मुलगा लंडनमध्ये स्नानगृह चालवी, आणि नातू फ्रेडरिक अकबर मुहम्मद गाय्ज हॉस्पिटलमध्ये नामांकित डॉक्टर झाला. रक्तदाबावरचे त्याचे संशोधन आजही वैद्यकीत मानले जाते.

मॅनेजर काय करतो

आता आजचे पाहू. चार टेबलांचा स्पा धरा. दहा तास उघडा. एका तासाची मालिश, मध्ये पंधरा मिनिटे चादर बदलणे, साफसफाई. म्हणजे एका टेबलावर दिवसाला जास्तीत जास्त आठ गिऱ्हाइके, चारांवर बत्तीस. बत्तीस कधी भरत नाहीत. निम्मी, सोळा भरली असे धरू. प्रत्येकी सरासरी पंधराशे रुपये म्हटले तर गल्ला चोवीस हजार. यातून भाडे, पगार, कमिशन, तेल, वीज, लाँड्री. मालिश करणाऱ्याला आपल्या चार-पाच गिऱ्हाइकांचा हिशेब माहीत असतो. रिकाम्या राहिलेल्या सोळा जागांची चिंता करतो तो मॅनेजर. मंगळवारी दुपारी टेबल का रिकामे राहते, कोणते गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आले नाही, कोणाच्या हाताबद्दल तक्रार आहे, हे जो रजिस्टरात लिहून ठेवतो त्याला मालक स्वतःहून खुर्ची देतो. हे रजिस्टर नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ठेवता येते, त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

टॉवेलचा हिशेब आमच्या घरचा, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो. एका गिऱ्हाइकामागे एक मोठा टॉवेल, दोन लहान आणि एक चादर लागते. सोळा गिऱ्हाइकांना सोळा मोठे, बत्तीस लहान. परंतु एक संच वापरात, एक धुलाईत आणि एक कपाटात हवा. म्हणून चार डझन मोठे आणि आठ डझन लहान. जो फक्त एका दिवसाचा माल नेतो तो आठवड्यात ओला टॉवेल गिऱ्हाइकाला देतो, आणि ते गिऱ्हाईक परत येत नाही.

तेलाचे टॉवेल साध्या पाण्याने धुतले तर तेल सुतात राहते आणि खवट वास मारतो. त्याहून मोठा धोका आगीचा आहे. तेल राहिलेले सुती टॉवेल ड्रायरमधून गरम गरम काढून थप्पी लावली तर आतल्या आत उष्णता साठून ते आपोआप पेट घेऊ शकतात. म्हणून तेल काढणारी पावडर, गरम पाणी, ड्रायरचे थंड होण्याचे चक्र पूर्ण होऊ देणे, आणि थंड झाल्यावरच घडी. हे ठाऊक नसलेला मॅनेजर आम्ही मॅनेजर मानत नाही, मग त्याचा टाय कितीही चांगला असो.

कराची गोष्टही त्याला कळली पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलून, मालिश, व्यायामशाळा अशा सेवांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, परंतु खरेदीवर भरलेल्या कराची वजावट बंद झाली. म्हणजे आमच्या बिलावरचा कर आता स्पाच्या खर्चातच धरावा लागतो. हुशार मॅनेजर म्हणूनच करासहित भाव विचारतो.

इज्जतीचा प्रश्न

आमच्या मोहल्ल्यात स्पा म्हटले की वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. त्यांचे सगळेच चुकते असे नाही. काही ठिकाणी पाटी स्पाची आणि धंदा भलताच, अशा बातम्या येतात. अशा जागी दुप्पट पगार मिळाला तरी पाऊल ठेवू नये. परंतु त्या भीतीने हुनर टाकून देणे आम्हाला पटत नाही. पुरुषांना पुरुष, स्त्रियांना स्त्रिया, अंगावर पूर्ण चादर, दर भिंतीवर लिहिलेले, प्रत्येकाला पावती: एवढे पाळले तर ही कमाई हलाल आहे, आणि पडदा पाळणाऱ्या आमच्या भगिनींना असा विभाग मिळाला तर त्या स्वतःहून येतात. बाळंतिणीची आणि तान्ह्या बाळाची मालिश करणाऱ्या किती तरी बाया आपल्या वस्तीत आहेत. त्यांच्या हातात विद्या आहे, फक्त कागद नाही. ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलच्या स्पा थेरपिस्टच्या परीक्षा असतात, आणि आधीपासून काम येणाऱ्यांचे कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोयही सरकारी कौशल्य योजनांत ठेवलेली आहे. उर्दू माध्यमातून शिकलेल्या मुलींनी इंग्रजीला घाबरू नये. गिऱ्हाइकाशी बोलण्यापुरती इंग्रजी सहा महिन्यांत येते. हिशेब तर आपल्याच लिपीत ठेवता येतो, आम्ही आजही ठेवतो.

मॅनेजर झाल्यावर बहुतेकांना स्वतःची जागा काढावीशी वाटते. तेव्हा भागीदारी स्टँप पेपरवर लिहून घ्यावी, यंत्रे आणि टेबले कोणाची, नाव कोणाचे, एक भागीदार वारला तर वारसांचे काय, हे आधी ठरवावे. आणि जागेचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच. महाराष्ट्रात कायद्याने तो नोंदवावा लागतो, आणि नोंदवण्याची जबाबदारी जागामालकाची आहे. अकरा महिन्यांच्या करारावर फरशा, स्टीम रूम आणि नळजोडण्यांत लाखो रुपये घालणारे आम्ही पाहिले आहेत. निदान तीन ते पाच वर्षांची मुदत आणि भाडेवाढीचा टक्का लिहून घेतल्याशिवाय आमच्याकडे टॉवेलची ऑर्डर द्यायलाही येऊ नये.