घरची मेहंदी : ताजेपणा हेच भांडवल

रमजान ईदची चांदरात, बकरी ईद आणि लग्नसराई या मेहंदीच्या बाजाराच्या मोठ्या वेळा होत. या दिवसांत गल्लीबोळांतील बांगडीवाले, स्टेशनरीवाले आणि किराणा दुकानदारसुद्धा मेहंदीचे कोन ठेवतात. हातात थोडी कला असलेल्या आपल्या अनेक मुली व भगिनी याच दिवसांत मेहंदी काढून चार पैसे मिळवतात. पण त्यांपैकी बहुतेकींच्या हातातला कोन बाजारातला तयार कोन असतो. त्यात काय भरले आहे ते काढणारीला माहीत नसते आणि काढून घेणारीलाही माहीत नसते.

आम्ही मेहंदीचे व्यापारी नाही, कापडाचे आहोत. पण मेहंदी हा अखेर रंगच आहे, आणि पक्का रंग, कच्चा रंग, लॉट, नमुना या गोष्टींशी आमचा रोजचा संबंध येतो. म्हणून हा विषय आम्ही रंगाच्या धंद्याच्या बाजूने मांडत आहोत. घरी शुद्ध मेहंदीचा कोन करणे अवघड नाही. त्याचा छोटा धंदाही होऊ शकतो. मात्र हा धंदा कापडाच्या ठाणासारखा नसून दुधासारखा आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे.

रंग कसा चढतो

मेहंदीच्या पानात लॉसोन नावाचे नैसर्गिक रंगद्रव्य असते. त्याचे प्रमाण फार थोडे, साधारणपणे शंभर ग्रॅम सुक्या पानांत एक ग्रॅमच्या आसपास असते. पान कोरडे असताना हे द्रव्य बांधलेले असते. पूड पाण्यात किंवा लिंबाच्या रसात भिजवून काही तास ठेवली की ते मोकळे होते. त्वचा, केस, नखे ज्या प्रथिनाची बनलेली असतात, त्याला जाऊन ते चिकटते. लोकर आणि रेशीम ही प्रथिनेच होत. म्हणून लोकर व रेशमावर मेहंदी चांगली चढते, पण सुती कापडावर तितकी बसत नाही. रंगारी मंडळींना हे वेगळे सांगायला नको.

कातडीवर रंग आधी नारिंगी दिसतो. हवा लागून तो हळूहळू गडद होतो आणि साधारण दोन दिवसांनी तपकिरी किंवा लालसर तपकिरी होऊन स्थिरावतो. तळहात व तळपाय यांची कातडी जाड असते, म्हणून तेथे रंग गडद येतो. हाताच्या मागच्या बाजूला तो फिका राहतो. यात मालाचा दोष नाही. ग्राहकाला हे आधीच सांगितले तर पुढची निम्मी भांडणे टळतात.

यातून दोन कसोट्या निघतात. शुद्ध मेहंदी कधी काळी येत नाही. आणि शुद्ध मेहंदी पंधरा मिनिटांत पक्की गडद होत नाही. या दोन गोष्टी करून दाखवणाऱ्या कोनात पानाखेरीज दुसरे काही घातलेले आहे, असे खुशाल समजावे.

काळा रंग कोठून येतो

'काळी मेहंदी' या नावाने जे विकले जाते, त्यात बहुधा पॅरा-फिनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी हे रसायन असते. केसांच्या काळ्या रंगात ते वापरतात. पूर्वी फर रंगवण्यासाठीही ते वापरले जाई. केसांच्या रंगात त्याचे प्रमाण ठरवलेले असते. युरोपात डोक्याला लावताना ते दोन टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि कातडीवर नक्षी काढण्यासाठी तर ते मुळीच चालत नाही. आपल्याकडेही पीपीडी असलेल्या केसांच्या रंगावर सावधगिरीची सूचना छापावी लागते. गल्लीतल्या काळ्या कोनावर मात्र ना प्रमाण असते, ना सूचना.

याचा परिणाम काहींच्या हातावर दोन-तीन दिवसांत, तर काहींच्या हातावर दोन आठवड्यांनी दिसतो. नक्षी जशी काढली असेल तशीच कातडी सुजते, फोड येतात, पाणी सुटते. बरे झाल्यावरही कित्येक महिने तेथे पांढरा किंवा काळा डाग राहतो. नवरीच्या हातावर हे झाले तर काय होते ते लिहिण्याची गरज नाही.

त्याहून मोठी गोष्ट अशी की एकदा शरीराने या रसायनाशी वैर धरले की ते सहसा जन्मभर टिकते. पुढे तीच व्यक्ती केसांना रंग लावते तेव्हा चेहरा व डोळे सुजतात. इतकेच नव्हे, तर पॉलिएस्टरच्या गडद कापडात वापरले जाणारे काही रंगही अशा व्यक्तीला सोसत नाहीत. काळा बुरखा किंवा गडद ड्रेस घातला की काखेत, मानेवर खाज सुटते, अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक कापडवाल्याकडे येते. तिचे मूळ कधी कधी वर्षांपूर्वीच्या काळ्या कोनातही असू शकते. एकाच्या ऐबदार मालाची किंमत अशी दुसऱ्याच्या दुकानावरही वसूल होते.

असे झाल्यास मेहंदी ताबडतोब धुवावी, डॉक्टरांकडे जावे आणि कोनाचे पाकीट फेकू नये, डॉक्टरांना दाखवावे. आणखी एक सूचना. तान्ह्या मुलांना मेहंदी लावू नये, शुद्ध असली तरी. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या द्रव्याची जन्मजात कमतरता असते. अशा मुलांत मेहंदीमुळे रक्तपेशी फुटून कावीळ व पंडुरोग झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

पूड पारखताना

मेहंदीच्या पुडीचे आपल्या देशातील मोठे ठिकाण म्हणजे राजस्थानातील पाली जिल्ह्यातले सोजत. सोजतच्या मेहंदीला 2021 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण पाकिटावर 'सोजत' किंवा 'हर्बल' छापलेले असणे हा शुद्धतेचा पुरावा नव्हे. माल आपण स्वतः पारखावा.

पहिली गोष्ट, केसांची पूड आणि हाताची पूड वेगळी असते. केसांची पूड जाड असते आणि तिच्यात आवळा, शिकेकाई असे जिन्नस मिसळलेले असतात. हातासाठी नुसत्या पानांची, अनेकदा चाळलेली, ताज्या हंगामाची पूड मागावी. दुसरी, चिमूटभर पूड पेल्यातील पाण्यावर टाकावी. पाणी लगेच भडक हिरवे झाले तर पुडीला वरून रंग दिला आहे. तळाशी रेती बसली तर वजन वाढवले आहे. तिसरी, वास घ्यावा. चांगल्या पुडीला सुक्या गवतासारखा वास येतो. औषधासारखा किंवा रॉकेलसारखा उग्र वास आला तर घेऊ नये. चौथी, थोडी पूड भिजवून पांढऱ्या रेशमाच्या किंवा लोकरीच्या चिंधीवर लावावी आणि रात्रभर ठेवून धुवावी. कोणत्या लॉटचा रंग कसा येतो हे शेजारी शेजारी ठेवून कळते. आम्ही कापडाचे नमुना कार्ड ठेवतो, तसे मेहंदीचेही ठेवता येते.

कोन तयार करण्याची रीत

प्रमाण असे आहे : पूड 100 ग्रॅम, साखर 30 ग्रॅम, लव्हेंडर किंवा निलगिरीचे शुद्ध तेल 15 ते 30 मिलिलिटर, आणि लिंबाचा रस व पाणी मिळून अंदाजे 250 ते 300 मिलिलिटर. साखरेमुळे लेप हाताला चिकटून राहतो व लवकर वाळून गळत नाही. तेलामुळे रंग गडद होतो. लहान मुले आणि गरोदर स्त्रियांसाठी निलगिरीचे तेल घालू नये. नुसता लिंबाचा रस काहींच्या हाताला झोंबतो, म्हणून त्यात निम्मे पाणी घालावे.

पूड प्रथम कापडछान करावी. येथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. यासाठी सुती मलमल वापरू नये. तिचे तंतू सुटतात आणि कोनाच्या टोकाशी अडकतात. दाट विणीचे, लव नसलेले पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे पातळ कापड घ्यावे. ते धुऊन, खळ काढून, वाळवून मगच वापरावे.

काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात पूड, साखर आणि तेल एकत्र करून थोडा थोडा रस घालत घट्ट मळावे. लेपाला चिकटून प्लास्टिकचा कागद लावावा व भांडे झाकून ठेवावे. उन्हाळ्यात चार-सहा तास पुरतात, थंडीत रात्रभर किंवा त्याहून अधिक लागते. वरचा थर तपकिरी आणि आतला हिरवा दिसू लागला की तळहातावर एक थेंब ठेवावा. पाच मिनिटांनी पुसल्यावर नारिंगी ठिपका उमटला तर रंग सुटला असे समजावे. मग उरलेला रस घालून लेप दह्यासारखा सैल करावा, नायलॉनच्या स्वच्छ मोज्यातून गाळावा आणि कोनात भरावा.

गिऱ्हाइकाला सांगावयाचे तेही थोडक्यात लिहितो. लेप सहा-आठ तास ठेवावा, पाण्याने न धुता खरवडून काढावा आणि पुढे किमान बारा तास हाताला पाणी लावू नये. निकाहाच्या आदल्या दिवशी न लावता दोन दिवस आधी लावावी. मग ऐन वेळी रंग पूर्ण चढलेला असतो.

दुधासारखा माल

आता मुद्द्याची गोष्ट. रंग सुटलेला लेप बाहेर ठेवला तर एक-दोन दिवसांत त्याचा जोर ओसरतो. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तो काही दिवस टिकतो. बर्फाच्या कप्प्यात गोठवून ठेवला तर काही महिने चांगला राहतो. दुकानाच्या फळीवर वर्षभर पडून राहणारा कोन आणि हा कोन एक होऊ शकत नाहीत.

अनेकजण याला या मालाची उणीव समजतात. आमच्या मते छोट्या कारागिराची खरी ताकद येथेच आहे. मोठ्या कारखान्याला माल गावोगाव पाठवायचा, महिनोन् महिने फळीवर ठेवायचा असतो. ताजा कोन त्याला परवडत नाही. मोहल्ल्यातल्या भगिनीला मात्र परवडतो, कारण तिचे गिऱ्हाईक चार घरांवर आहे. तिने दुकानदाराकडे माल टाकण्याच्या मागे न लागता आगाऊ नोंदणी घ्यावी. ईदच्या आठ दिवस आधी किती कोन हवेत ते लिहून घ्यावे, तेवढेच करावे आणि चांदरातीला थंड स्थितीत हाती द्यावेत.

हिशेबही याच रीतीने बसतो. वरील प्रमाणात शंभर ग्रॅम पुडीचा अंदाजे चारशे ग्रॅम लेप होतो. गाळताना व भरताना थोडा वाया जातो. 25 ग्रॅमचे पंधराएक कोन निघतात, म्हणजे एक किलो पुडीचे सुमारे दीडशे. खर्चात पूड, तेल, लिंबू, साखर, कोनाचा कागद आणि फ्रिजची वीज तर धरावीच, पण स्वतःची मजुरीही धरावी. आपल्या घरांत बायकांच्या कामाची मजुरी कोणी धरत नाही आणि मग नफा झाला असे वाटत राहते. सर्वांत महाग जिन्नस बहुधा तेल ठरते. तेथे स्वस्ताच्या मोहाने अत्तरवाल्याकडचे नकली सुगंधी तेल घेऊ नये. त्याने रंग वाढत नाही आणि हाताला खाज सुटण्याची भीती असते. बाजारच्या कोनाशी किमतीत स्पर्धा करू नये. आपण विकतो तो माल वेगळा आहे.

प्रत्येक घाण्याला क्रमांक द्यावा, तारीख लिहावी आणि त्यातला एक कोन गोठवून आपल्याकडे ठेवावा. तक्रार आली तर तो तपासता येतो. कापडाच्या गठ्ठ्यावर लॉट नंबर असतो तो याचसाठी.

परवान्याची बाब

घरच्यांसाठी मेहंदी करण्यास कोणाची आडकाठी नाही. पण अंगाला लावण्याची सौंदर्यवस्तू तयार करून विकायची असेल तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 आणि सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 यांप्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. जागा, स्वच्छता, सामग्री यांच्या अटी असतात. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, घटक, वजन, घाणा क्रमांक, वापराची मुदत आणि परवाना क्रमांक द्यावा लागतो. एकटीला हे जड वाटेल. पाच-दहा भगिनींनी बचत गट करून एक स्वच्छ खोली घेतली आणि एकाच परवान्यावर काम केले तर भार वाटला जातो. आधी जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन नीट चौकशी करावी, मगच भांडवल घालावे.

काळा कोन मागणारे गिऱ्हाईक येणारच. "शेजारचा देतो, तुम्ही का देत नाही?" असे ते विचारील. तेव्हा घटक सांगावेत, नमुना कार्ड दाखवावे, आणि तरीही ऐकले नाही तर ते गिऱ्हाईक जाऊ द्यावे. मालातला ऐब लपवून विकू नये ही शिकवण आपल्याला नवी नाही. ज्या कोनाबद्दल आपण आपल्या मुलीच्या हातासाठी निश्चिंत आहोत तोच विकावा. पहिल्या ईदला नोंदणी थोडी होईल. हात चांगले रंगले तर दुसऱ्या ईदला तीच घरे आणखी चार घरे घेऊन येतील.