गळा लोर्नाचा, बँड पेरीचा

आपल्याकडे अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनीच्या पट्ट्यात दिवाळी उलटली की मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक रंगते. गाणाऱ्या बाईने पहाटेपर्यंत मांडव जागा ठेवलेला असतो. सकाळी लोक मात्र ‘अमक्या रंगभूमीचं नाटक’ म्हणतात. गळा एकाचा, नाव दुसऱ्याचे हा हिशेब ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना गोव्याची लोर्ना ठाऊक असायला हवी.

लोर्ना कोर्देरो 1946 साली मुंबईत जन्मली आणि पोरवयातच बँडपुढे उभी राहिली. त्या काळी चर्चगेट स्ट्रीटवरच्या, म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडवरच्या हॉटेलांत रोज रात्री जॅझ वाजे आणि वाजवणारे बहुतेक गोवेकर असत. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळा मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. त्या शिदोरीवर ही मंडळी मुंबईत आली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्यांनी हिंदी सिनेमाचा वाद्यमेळ घडवला तो याच शिक्षणावर. मडगावचा क्रिस पेरी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवायचा, चालीही बांधायचा. लोर्ना त्याच्या बँडची मुख्य गायिका झाली.

अमेरिकेतल्या ‘सोल’ संगीताची जातकुळीही अशीच चर्चमधली. कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनागीतांतला आर्त स्वर रे चार्ल्सने 1950च्या दशकात प्रेमगीतांत आणला. अरीथा फ्रँकलिन डेट्रॉइटमध्ये वडिलांच्या चर्चमध्ये गात मोठी झाली. पेरीच्या बँडला कुणी सोल बँड म्हटले नाही, पण लोर्नाचे गाणे ऐका. स्वर गुळगुळीत ठेवायचा तिला सोस नाही. ती तो मुद्दाम खरवडते, शब्दावर तुटून पडते, मग एकदम मऊ होते. आपल्या कानांना लता-आशांची सवय. हा आवाज पहिल्यांदा बोचतो आणि मग सोडत नाही.

तोवर कोंकणी गाणे म्हणजे मांडो, दुलपद ही पारंपरिक गीते आणि तियात्र या कोंकणी नाटकातली कांतारां, म्हणजे गाणी. पेरीने त्या भाषेला जॅझचे ट्रम्पेट आणि लॅटिन अमेरिकी ठेके दिले. ‘बेबदो’, ‘पिसो’, ‘लिस्बोआ’ या गाण्यांनी गोव्याची घरे, लग्ने आणि रेडिओ व्यापून टाकला. चाली पेरीच्या, आणि त्या थोर आहेतच. पण दुसऱ्या कुणाच्या तोंडी ‘बेबदो’ ऐकला की कळते, अर्धे गाणे त्या गळ्यातच होते.

पुढे 1970च्या दशकात दोघांचे बिनसले. दुसऱ्या कुणाच्या बँडबरोबर गायचे नाही असा करार तिने केला होता, असे सांगतात. लोर्ना गप्प झाली ती दोन दशकांहून अधिक काळ. तिशी-चाळिशीतल्या, ऐन भरातल्या गळ्याची ती वर्षे. गोव्यात जुन्या रेकॉर्ड आणि कॅसेट वाजत राहिल्या, पण बाई मंचावर दिसेनात. कलाकार आणि मालक यांच्यातला कागद किती दूरवर घात करतो, ते या काळाकडे पाहिले की समजते. मला त्याचा आजही राग येतो.

1995 मध्ये संगीतकार रॉनी मोन्सेरात यांनी तिला पुन्हा गायला लावले. पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर कार्यक्रम ठरला आणि लोकांची रीघ लागली. तिची पन्नाशी जवळ आली होती. आवाज जाड झाला होता, धार तीच होती. त्यानंतर ती गातच राहिली. पेरी 2002 मध्ये वारला.

बार्द्रोय बारेत्तो यांनी 2014 मध्ये पेरीच्याच चाली घेऊन ‘नाचूंया कुंपासार’ हा कोंकणी चित्रपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पडद्यावरच्या जोडीची नावे डोना आणि लॉरी अशी आहेत. पालोमी घोष हिने डोना केली आहे. लोर्नाशी ओळख करून घ्यायची तर आधी जुनी रेकॉर्डिंग ऐकावीत, चित्रपट मागाहून पाहावा.