तारीख उलटली, कळा नाहीत : ॲडमिट व्हायचं की थांबायचं?



जाळी, डिझेल, बर्फ यावर आपण रोज बोलतो. आज घरातला विषय. सुनेची तारीख उलटून चार-सहा दिवस झालेत. डॉक्टर म्हणतात, "ॲडमिट व्हा, औषध देऊन कळा आणूया." सासूबाई म्हणतात, "थांबा, येतील आपोआप." आणि नवरा ट्रॉलरवर, फोनला रेंज नाही. मग ठरवायचं कसं?

आधी तारीख पक्की करा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे, ती तारीख. पण तो अंदाज असतो. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने काढलेली तारीख सगळ्यात भरवशाची. शेवटच्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून तारीख बदलू नये. म्हणून तो जुना रिपोर्ट फाईलमध्ये जपून ठेवा.

तारखेनंतर दोन-चार दिवस गेले आणि आई-बाळ ठीक असतील तर घाबरायचं कारण नाही. पण ४१ आठवडे पूर्ण झाले की हिशेब बदलतो. वार थकायला लागते, बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं, बाळ पोटातच शी करू शकतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही ४१ आठवडे उलटल्यावर कळा आणण्याचा सल्ला देते.

स्वीडनमध्ये १४ रुग्णालयांत सुमारे २,७६० बायकांचा अभ्यास झाला. निम्म्यांना ४१ आठवड्यांना कळा आणल्या, निम्म्यांना ४२ पर्यंत थांबवलं. थांबलेल्या गटात ६ बाळं दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही. अभ्यास मध्येच बंद करावा लागला. थांबलेल्यांपैकी बहुतेकांची बाळं सुखरूप होती, हेही खरं. धोका लहान आहे, पण आहे.

"सलाईन लावलं की सिझर ठरलेलंच" असं आपल्याकडे म्हणतात. त्या अभ्यासात सिझरचं प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखंच निघालं.

करतात काय? गर्भपिशवीचं तोंड अजून घट्ट असेल तर आधी जेल, गोळी किंवा छोटा फुगा घालून ते मऊ करतात. मग गरज पडली तर पाणमोट फोडतात आणि कळांचं सलाईन लावतात. पहिलटकरणीला यात एक दिवस, कधी जास्तही जातो. कळा जोरात येतात, बाळाचे ठोके सतत बघावे लागतात. कधी कळा पुढे सरकत नाहीत आणि सिझर करावंच लागतं. म्हणून हे काम दवाखान्यातच, घरी कोणाच्या सांगण्यावरून गोळी घेऊन नाही. आधी सिझर झालं असेल तर ते डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. काही औषधं अशा बाईला चालत नाहीत. वार खाली असेल किंवा बाळ आडवं असेल तर कळा आणतच नाहीत.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : आज नेमके किती आठवडे झाले? पिशवीचं तोंड तयार आहे का? दोन दिवस थांबलो तर तपासणी कधी आणि कोणती? थांबायचं ठरलं तर ठोक्यांची आणि पाण्याची तपासणी चुकवू नका. पण तपासणी चांगली आली म्हणून ४२ च्या पुढे थांबू नये.

बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी गेलं, त्यात हिरवट रंग दिसला किंवा रक्त गेलं, तर कोणाची वाट बघू नका. रात्र असो, पाऊस असो, १०८ ला फोन करा.

होडीवाल्या भावांनो, बंदीचे दोन महिने सोडले तर तुम्ही कधी किनाऱ्याला असाल सांगता येत नाही. तारीख जवळ आली असेल तर बाहेर पडण्याआधी घरी बसून बोला. फाईल कुठे, पैसे कुठे, गाडी कोणाची, सोबत कोण, हे ठरवा. आणि बायकोला स्पष्ट सांगून जा : "मी नसलो तरी थांबू नकोस. डॉक्टरांशी बोल आणि तुला योग्य वाटेल ते कर." अंग तिचं आहे, हो किंवा नाही तिनेच म्हणायचं.